मंदीतील घर आणि सबुरीची किंमत

“घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून” ही म्हण रूढ झाली तेव्हा घर ही राहावयाची वस्तू होती. ते घेऊन पुढे नफ्याने विकावे, हा विचार त्या म्हणीच्या मागे नव्हता. आज मध्यमवर्गीय माणूस दुसरे घर घेतो ते पुष्कळदा राहण्यासाठी नव्हे, तर सोन्याप्रमाणे किंवा बँकेतील ठेवीप्रमाणे पैसा गुंतविण्यासाठी. घरांच्या बाजारात मंदी आली, की अशा माणसाला चोहोंकडून एकच सल्ला मिळू लागतो : भाव उतरले आहेत, घेण्याची वेळ हीच. हा सल्ला खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे. मंदीत घर किती स्वस्त मिळाले, ह्यापेक्षा ते किती वर्षे सांभाळता येईल, ह्यावर त्या व्यवहारातील नफातोटा अवलंबून असतो. निवृत्तीच्या वेळी हाती आलेला भविष्यनिर्वाह निधी जेथे पणाला लागतो, तेथे हा भेद नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

घरांच्या मंदीचे स्वरूप इतर बाजारांहून निराळे असते. सकाळी चढलेला भाजीचा भाव संध्याकाळी उतरतो, कारण माल नासेल ही विक्रेत्याला धास्ती असते. घर नासत नाही. त्यामुळे मंदीत घरांचे भाव चटकन पडत नाहीत. आधी व्यवहार थांबतात. बांधकाम व्यावसायिकही जाहीर दर उतरविण्यास नाखूष असतो. दर उतरविला तर पूर्वी घर घेतलेले ग्राहक भांडावयास येतात, आणि ज्या मालमत्तेच्या तारणावर त्याने कर्ज काढले तिचीच किंमत कमी ठरते. म्हणून सवलत आडवाटेने येते : वाहन ठेवण्याची जागा फुकट, मुद्रांक शुल्क विक्रेत्याकडे, स्वयंपाकघरातील कपाटे भेट. घेणाऱ्याला ही पर्वणी वाटते. परंतु ज्या बाजारात आज विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळत नाही, त्याच बाजारात उद्या आपल्यालाही विकावयास उभे राहावे लागेल, हे तो विसरतो. प्रसंगी सोन्याची एक बांगडी मोडता येते, ठेवीची एक पावती वटविता येते. घराची एक खोली विकून मुलीच्या शिक्षणाचे शुल्क भरता येत नाही.

भारतातील अलीकडचा अनुभव ह्या दृष्टीने बोलका आहे. सन २०१३ पर्यंतची काही वर्षे अनेक मोठ्या शहरांत घरांचे भाव झपाट्याने चढले. त्यानंतर मागणी ओसरली. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी मोठ्या नोटा चलनातून बाद झाल्याची घोषणा झाली. २०१७ साली स्थावर संपदेचा नवा कायदा व वस्तू-सेवा कर अमलात आला. २०१८ साली आयएल अँड एफएस ही मोठी वित्तसंस्था कर्जफेडीत चुकली आणि बांधकाम क्षेत्राकडे वाहणारा पैसा आटला. २०२० साली महासाथ आली. ह्या काळात अनेक ठिकाणी भाव वर्षानुवर्षे जवळजवळ तेथेच राहिले. महागाई वाढत असताना जागच्या जागी राहिलेला भाव म्हणजे उतरलेलाच भाव होय. पण आकडा तोच दिसत असल्यामुळे ही घट पुष्कळांच्या ध्यानात आली नाही. पुढे महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० पासून मुद्रांक शुल्कात प्रथम तीन व नंतर दोन टक्क्यांची सूट मार्च २०२१ पर्यंत दिली, गृहकर्जाचे व्याज सात टक्क्यांच्या खाली आले, आणि तुंबलेले व्यवहार पुन्हा वाहू लागले. त्यानंतरच्या वर्षांत भावही चढले. २०१४ साली घेतलेले घर ज्याला २०१९ साली अडचणीपोटी विकावे लागले, त्याच्या पदरी बहुधा तोटाच पडला. ज्याला आणखी काही वर्षे थांबता आले, त्याची स्थिती सुधारली. घर तसलेच, गावही तेच. फरक थांबण्याच्या शक्तीचा.

ही शक्ती आकड्यांत मोजता येते. उदाहरणादाखल ६० लाख रुपयांचे घर घेऊ. त्यांपैकी १२ लाख स्वतःचे आणि ४८ लाख कर्जाऊ, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षे. अशा कर्जाचा मासिक हप्ता सुमारे ४१,६५० रुपये होतो, आणि पहिल्या वर्षी केवळ व्याजापोटी चार लाखांहून थोडे अधिक जातात. हे घर महिना १५,००० रुपये भाड्याने गेले, तर वर्षाचे १,८०,००० रुपये येतील. सोसायटीची वर्गणी, घरपट्टी, रंगसफेदी आणि एखादा रिकामा महिना वजा जाता हाती दीड लाख उरले असे धरावे. म्हणजे व्याज आणि भाडे ह्यांतील तूट अडीच लाखांच्या घरात जाते. स्वतःचे १२ लाख सात टक्क्यांच्या ठेवीत राहिले असते तर ८४,००० रुपये मिळाले असते. तेही तुटीतच धरावयास हवेत. एकूण तूट वर्षाला सुमारे ३ लाख ३८ हजार रुपये, म्हणजे घराच्या किमतीच्या साडेपाच टक्क्यांहून अधिक झाली. मंदीमुळे ह्या घरावर दहा टक्के, म्हणजे ६ लाखांची सूट मिळाली असेल, तर ती दोन वर्षे पुरी होण्याच्या आतच संपते. मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च ह्यात धरलेलाच नाही. दोन वर्षांत बाजार उठला नाही, तर स्वस्त घेतलेले घर महाग पडू लागते.

आणि बाजार दोन वर्षांत उठेलच, असे इतिहास सांगत नाही. अमेरिकेत घरांचे भाव २००६ साली शिखरावर होते. २००८ साली तेथील बँका कोसळल्या तेव्हा तळ आला असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात भाव २०१२ च्या सुमारास सावरू लागले. तोपर्यंत देशाच्या सरासरीने चौथ्या हिश्श्याहून अधिक घसरण झाली होती, आणि जुने शिखर पुन्हा गाठावयास सुमारे दहा वर्षे लागली. जपानमध्ये १९९१ नंतर सुरू झालेली जमिनीच्या भावांची घसरण तर दशकाहून अधिक काळ चालली. मंदीच्या पहिल्या वर्षी स्वस्त वाटणारी वस्तू तिसऱ्या वर्षी अधिक स्वस्त मिळू शकते, हा ह्या दोन्ही देशांचा धडा आहे.

मंदीतील दुसरा धोका अपुऱ्या इमारतींचा. विक्री थांबली की बांधकाम व्यावसायिकाचा पैसा थांबतो, आणि पैसा थांबला की बांधकाम थांबते. दिल्लीजवळच्या नोएडा भागातील आम्रपाली समूहाच्या प्रकरणात चाळीस हजारांवर ग्राहक असे अडकले. अखेर जुलै २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या समूहाची नोंदणी रद्द केली आणि अपुरी कामे एनबीसीसी ह्या सरकारी कंपनीकडे सोपविली. घराचा ताबा मिळेपर्यंत कर्जाचे हप्ते आम्ही भरू, अशी योजनाही मंदीत पुढे येते. व्यावसायिकाने हप्ते थांबविले, की बँक कर्ज ज्याच्या नावे आहे त्याच्याच दारी येते. ह्याच कारणास्तव रिझर्व्ह बँकेने २०१३ साली आणि नॅशनल हाउसिंग बँकेने २०१९ साली अशा योजनांविरुद्ध कर्जसंस्थांना सूचना दिल्या.

स्थावर संपदेच्या २०१६ च्या कायद्याने ग्राहकाच्या हाती काही साधने दिली आहेत. ग्राहकांकडून आलेल्या रकमेचा ७० टक्के भाग त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावा लागतो. नोंदणीकृत करारावाचून किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताबा वेळेवर न मिळाल्यास व्याजासह पैसे परत मागता येतात, आणि बांधकामातील दोषांची जबाबदारी पाच वर्षे व्यावसायिकावर राहते. तथापि कायद्याने मिळालेला हक्क आणि हाती आलेले घर ह्यांत अंतर असते. म्हणून मंदीत भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले तयार घर घेणे केव्हाही श्रेयस्कर. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकल्या जाणाऱ्या घरावर वस्तू-सेवा करही लागत नाही.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. येथे मात्र मंदी ग्राहकाला एक मोलाची देणगी देते, ती म्हणजे वेळ. तेजीत आज बयाणा न दिला तर उद्या घर जाईल, ही घाई असते. मंदीत महिनाभर कागद तपासले तरी घर तेथेच असते. गोव्यात केवळ एक-चौदाचा उतारा पाहून भागत नाही. तेथील नागरी कायद्याप्रमाणे स्थावर मालमत्तेच्या विक्रीस सामान्यतः पती व पत्नी दोघांची संमती लागते. मुंडकाराचा हक्क आहे काय हे पाहावे लागते, आणि लिस्बनला किंवा आखातात असलेल्या वारसाचा हिस्साही विसरून चालत नाही. बेळगावाकडे बिनशेती न झालेल्या शेतजमिनीचे तुकडे साध्या बाँडपेपरवर, तर इंदूरकडे नोंदणीवाचून केवळ डायरीवर भूखंड विकले गेल्याची उदाहरणे आहेत. असा सौदा कितीही स्वस्त असला, तरी घेणाऱ्याच्या हाती कागदाचा तुकडाच येतो. विक्रेत्याने सुचविलेल्या नव्हे, तर स्वतः नेमलेल्या वकिलाकडून गेल्या तीस वर्षांचा हक्कशोध करून घ्यावा. त्याची फी हा ह्या व्यवहारातील सर्वांत स्वस्त खर्च होय.

तेव्हा मंदीत घर घ्यावे की घेऊ नये, ह्याचे उत्तर बाजारात शोधण्यापेक्षा घेणाऱ्याने आपल्या जमाखर्चाच्या वहीत शोधावे. भाडेकरू नसतानाही हप्ता भरता येईल काय? वर्षभराचे हप्ते बाजूला ठेवलेले आहेत काय? भाव सात-आठ वर्षे हलला नाही, तर आजारपण, मुलांचे शिक्षण व घरातील कार्ये ह्या घराला हात न लावता निभावतील काय? वेळ पडल्यास त्या घरात स्वतः राहता येईल काय? ह्या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर मंदी ही खरोखरच घर घेण्याची चांगली वेळ आहे. निवड भरपूर असते, घासाघीस करता येते आणि घाई नसते. उत्तरे नकारार्थी असतील, तर तो पैसा ठेवीत राहू द्यावा. तेथे व्याज थोडे मिळेल. पण ज्या दिवशी गरज पडेल, त्या दिवशी तो हाती येईल.