जुन्या विजेच्या गाडीला हमीभाव कोण देणार?



आपल्या छत्रपती संभाजीनगरला गाड्यांची हौस जुनी आहे. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये इथल्या मंडळींनी एकजुटीने दीडशे मर्सिडीज घेतल्या, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली होती. पुढे २०२२ साली इथल्याच उद्योजकांनी तीच युक्ती विजेवरच्या गाड्यांसाठी वापरली. सगळ्यांनी मिळून नोंदणी करायची आणि कंपनीकडून चांगला भाव काढायचा. त्या सुमारास घेतलेल्या गाड्या आता विकायच्या वयाला आल्या आहेत. घेताना एकजूट होती, विकताना मात्र ज्याचा तो एकटा आहे.

जुन्या गाड्यांचा व्यापारी पेट्रोल गाडी कशी पारखतो, हे आपण पाहिलेलं असतं. तो बॉनेट उघडतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, पत्र्यावर बोट फिरवतो आणि दहा मिनिटांत आकडा सांगतो. विजेच्या गाडीपुढे त्याची ही विद्या चालत नाही. गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा बॅटरीत अडकलेला, आणि ती तर जमिनीलगत बंद पेटीत. तिच्यात मूळची ताकद नव्वद टक्के उरली आहे की सत्तर, हे त्याला दिसत नाही. विकणाऱ्यालाही ते नेमकं ठाऊक नसतं. मग व्यापारी सत्तर धरूनच बोलतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

भाव पडायला दुसरंही कारण आहे, आणि ते शोरूममध्ये आहे. टाटांनी नेक्सॉन विजेवर आणली ती २०२० च्या जानेवारीत, सुरुवातीची किंमत १३ लाख ९९ हजार. २०२४ च्या फेब्रुवारीत तिच्या किमतीत १ लाख २० हजारांपर्यंत कपात झाली आणि त्याच वर्षीच्या सणासुदीत काही प्रकार तर ३ लाखांपर्यंत स्वस्त झाले. नवी गाडी घेणाऱ्याने पेढे वाटावेत अशी ही बातमी. पण ज्याने वर्षभरापूर्वी घेतली होती, त्याची गाडी अंगणात उभ्या उभ्या स्वस्त झाली. हे काही आपल्याकडेच घडलं असं नाही. भाड्याने गाड्या देणाऱ्या अमेरिकेतल्या हर्ट्झ कंपनीने २०२४ च्या जानेवारीत विजेच्या २० हजार गाड्या विकायला काढल्या, त्यामागच्या कारणांतही घसरलेली पुनर्विक्री किंमत होती.

त्यात कर आले. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेसवरून १८ वर आला. विजेच्या गाड्या ५ टक्क्यांवरच राहिल्या, म्हणजे दोघींतलं अंतर कमी झालं. त्याआधी, डिसेंबर २०२४ मध्ये, व्यापाऱ्याने विकलेल्या जुन्या विजेच्या गाडीवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के करायचं ठरलं. तो पूर्ण किमतीवर लागतो असा गैरसमज तेव्हा फार पसरला होता. तो फक्त व्यापाऱ्याच्या नफ्यावर लागतो, आणि तुम्ही तुमची गाडी थेट शेजाऱ्याला विकलीत तर लागतच नाही.

मग भावाला तळ असावा, त्याखाली तो जाऊच नये, ही मागणी साहजिक आहे. महाराष्ट्राच्या विजेच्या वाहनांसाठीच्या २०२१ च्या धोरणात तसा विचार होता. गाडी परत विकत घेण्याची खात्री देणाऱ्या आणि त्यात वर्षाला साडेसात टक्क्यांहून जास्त घसारा न धरणाऱ्या उत्पादकाला जादा प्रोत्साहन, अशी ती तरतूद. हिशेब केला तर पाच वर्षांनी साडेबासष्ट टक्के किंमत शाबूत! ऐकायला गोड आहे. विम्याचा तक्ता पाहा: तीन वर्षांपुढच्या कुठल्याही गाडीला तो चाळीस टक्के घसारा धरतो, चार वर्षांपुढच्या गाडीला पन्नास. एमजी कंपनीने २०२४ मध्ये विंडसर ही विजेची गाडी आणली, तेव्हा तीन वर्षांनी साठ टक्के किमतीला परत घेऊ असं सांगितलं. साठ टक्के म्हणजे विम्याच्या तक्त्यातला साधा आकडा. जाहिरातीत तो मोठ्या अक्षरांत छापावा लागला, यावरूनच बाजारातली धास्ती किती आहे ते कळतं.

हमीभावाचा अनुभव मराठवाड्याला कोणी शिकवायला नको. दिल्लीत भाव जाहीर होतो, पण कापूस खरेदी केंद्रावर गाडी लागली की पहिल्यांदा बाहेर येतं ते ओलावा मोजायचं यंत्र. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर कपात, बाराच्या पुढे माल परत. शेतकरी त्या यंत्राशी कितीही भांडो, ते आहे म्हणून निदान भांडता तरी येतं. विजेच्या गाडीच्या बाजारात भावाचा तळ सांगणारे बरेच आहेत, यंत्र मात्र कोणी मांडलेलं नाही. बॅटरीची उरलेली ताकद छापून देणारा, सगळ्यांनी मानलेला दाखला नसेल, तर टक्केवारी जाहीर करून काय उपयोग? युरोपने हे ओळखलं. तिथे फेब्रुवारी २०२७ पासून बाजारात येणाऱ्या गाड्यांच्या बॅटरीला तिची माहिती सांगणारा डिजिटल पासपोर्ट लागणार आहे.

दुसरी मेख हमीपत्रात असते. हल्ली बॅटरीला ‘आयुष्यभराची’ हमी मिळते, पण ती पहिल्या मालकाची. गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली की तीच हमी वर्षांत आणि किलोमीटरमध्ये मोजली जाते. बॅटरी तीच, रस्ता तोच, फक्त आरसीवरचं नाव बदललं. मला विचाराल तर सरकारने भाव बांधण्याच्या भानगडीत पडूच नये. हमी गाडीच्या चासी नंबरला जोडा, मालकाच्या नावाला नको, एवढं कंपन्यांकडून करून घेतलं तरी जालना-बीडचा गिऱ्हाईक दोन पैसे जास्त मोजेल.

टोलमाफीचं पाहा. २०२५ च्या राज्य धोरणात समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफी ठेवली आहे, आणि ती माफी गाडीला आहे. सावंगीला समृद्धीवर चढणारी गाडी पहिल्या मालकाची की तिसऱ्या, हे कोणी विचारत नाही.

सुरुवातीच्या नेक्सॉनच्या बॅटरीला आठ वर्षांची हमी होती. २०२० च्या जानेवारीत घेतलेल्या गाडीची ती २०२८ च्या जानेवारीत संपेल. तुमच्याकडे त्या काळातली गाडी असेल आणि विकायचा विचार असेल, तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या तपासणीचा लेखी अहवाल आत्ताच मागून घ्या. हमीत असताना बॅटरीत दोष निघाला तर दुरुस्तीचा खर्च कंपनीचा. नाही निघाला, तर तो कागद व्यापाऱ्यापुढे ठेवा आणि मग त्याला आकडा विचारा.