गावोगावची इंग्रजी



इंग्रजी आली की माणूस जगात कुठे अडत नाही, असे आपण मुलांना सांगतो. आज मला त्याबद्दल थोडी शंका काढायची आहे. इंग्रजी शब्द जगभर फिरतो खरा. पण ज्या गावी मुक्काम करतो त्या गावचे पाणी त्याला लागते.

समजा, पुण्याचा एक पाहुणा मोटार घेऊन खोपोली, कर्जत, बदलापूरच्या वाटेने आपल्याकडे निघाला. अंबरनाथ मागे पडल्यावर तो विचारतो, "उल्हासनगर कुठे आलं?" त्याला उलट प्रश्न येतो, "कोणता कॅम्प?" पुणेकराच्या लेखी कॅम्प म्हणजे लष्कर आणि महात्मा गांधी रस्त्यावरची दुकाने. खेड्यातल्या माणसाला वाटेल, डोळे तपासण्याचे शिबिर असेल. पुढे "सेक्शन" येतो. वकिलाला सेक्शन म्हणजे कलम, कामगाराला खाते. इथे तो मोहल्ला! शेवटी चिठ्ठीवर "बॅरेक नंबर" निघतो आणि पाहुण्याला तुरुंग आठवतो. समोर पाहावे तो चांगली इमारत उभी आणि यजमान दारात चहासाठी खोळंबलेले!

आपण हसतो; पण या तीन शब्दांत आपल्या गावाचा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे कल्याणचा लष्करी तळ होता. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या माणसांना त्याच बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिले. लष्कर गेले, त्याचे शब्द राहिले. निर्वासितांनी ते पत्त्यात घेतले आणि शिपाईगिरीचे शब्द संसाराला लावले. इथल्या मालावरच्या "यू. एस. ए." या अक्षरांचा अर्थ "उल्हासनगर सिंधी असोसिएशन" असा सांगतात, तोही याच हुशारीतला विनोद.

रस्त्यावर शब्द चुकला तर पाय दुखतात. कारखान्याच्या फाटकाशी चुकला तर पोटावर येते. "ले-ऑफ" हाच शब्द घ्या. अमेरिकेत तो बहुधा नोकरी गेली अशा अर्थाने वापरतात. आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात त्याचा अर्थ वेगळा होता: कच्चा माल, वीज अशा कारणांनी मालक तात्पुरते काम देऊ शकत नाही, पण कामगाराचे नाव हजेरीपटावर राहते. १९५३ च्या दुरुस्तीने, अटींत बसणाऱ्या कामगाराला त्या दिवसांसाठी मूळ वेतन व महागाईभत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळू लागली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही शब्दाचा हाच अर्थ ठेवला. आता परगावाहून आलेला एखादा पोरगा नोटीस वाचतो, नोकरी गेली असे समजतो, ट्रंक उचलून गावची गाडी धरतो. निम्मा पगार राहतो आणि नोकरीही हातची जाते. त्याला इंग्रजी येत नव्हते असे नाही. इथली इंग्रजी येत नव्हती.

म्हणून माझे मागणे दोनच. शब्द विचारायला नव्या माणसाने लाजू नये आणि सांगताना जुन्याने हसू नये. आणि ज्या नोटिशीवर माणसाची भाकरी अवलंबून आहे, ती त्याला समजेल अशा भाषेत फाटकावर लागली पाहिजे. पाहुण्याला आपण कॅम्पचा अर्थ सांगतो, तेवढी माणुसकी कामगारालाही दाखवू या.