दुसऱ्या खुर्चीचा इसार

(गंगापूर तालुक्यातील एका गावच्या पारावर शेतकरी व कारागीर मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दिवसभर कापूस वेचून, चाक फिरवून, रंधा मारून तुम्ही दमलेले आहात. तरीही एका खेड्यातील शिक्षकाचे चार शब्द ऐकावयास पारावर जमलात, याबद्दल आम्ही तुमचे ऋणी आहोत. आरंभीच एक खुलासा करतो. आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेचे पगारी नोकर. सबब अमक्याला मत द्या, तमक्याला देऊ नका, असे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही व तशी इच्छाही नाही. मत मागावयास माणूस दारी आला म्हणजे त्याला काय विचारावे, एवढेच आम्ही सांगणार आहोत.

निवडणूक जवळ आली की गावात दोन तऱ्हेच्या गोष्टी सुरू होतात. पहिली, सरपंच कोण होणार. ती लवकर संपते, कारण पुढे येणारी माणसे दोन-चारच असतात. दुसरी मात्र रात्र रात्र चालते: त्याच्या जोडीला कोण? उपसरपंच कोण? माळ्यांचा घेतील की धनगरांचा? कुंभारवाड्याला देतील की वरच्या आळीला? चहाच्या टपरीवर, न्हाव्याच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत, जिकडे तिकडे हेच. आणि हे केवळ आपल्याच गावाचे वेड आहे असे समजू नका. मुंबईत, दिल्लीत आणि सातासमुद्रापलीकडे अमेरिकेतही हेच चालते. म्हणून या दुसऱ्या खुर्चीचाच आज विचार करू.

आमच्या डोक्यात हा विचार कसा शिरला, ते आधी सांगतो. २०२२ च्या डिसेंबरात ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्या वर्षी सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडावयाचा होता. ही पद्धत २०१७ साली आली, २०२० साली गेली आणि २०२२ साली परत आली. आम्हांस तालुक्यातील एका परगावी मतदान केंद्रावर नेमले होते. दुपारच्या सुमारास एक आजी काठी टेकत आल्या. बोटाला शाई लावून घेतली, यंत्रापाशी गेल्या आणि तेथूनच मोठ्याने म्हणाल्या, "गुरुजी, उपसरपंचाचं बटण कोणतं?"

आम्ही म्हणालो, "आजी, तसं बटण यावर नाही. एक सरपंचाचं आणि बाकी तुमच्या प्रभागातल्या सदस्यांची."

आजी क्षणभर थांबल्या व म्हणाल्या, "मग माझ्या नातवाला देऊ केलंय, ते कुठंय?"

केंद्रातील मंडळी हसली. आम्हांस हसू आले नाही. मतदानाच्या दिवशी याहून अधिक बोलणे आमच्या कामात बसत नव्हते, म्हणून गप्प राहिलो. पुढे कळले ते असे. आजींचा नातू कुंभाराच्या घरचा. तो सदस्यपदासाठी उभा होता व निवडूनही आला. "उपसरपंचपद तुमच्याच घरात" असे त्याला पॅनेलप्रमुखाने देवळात नारळावर हात ठेवून सांगितले होते. तोच नारळ आणखी दोन घरी फिरला होता, एका माळ्याच्या व एका न्हाव्याच्या. तिन्ही घरांनी आपापल्या भावकीची मते गोळा केली. पहिल्या सभेत उपसरपंच झाला तो चौथाच, पॅनेलप्रमुखाचा मेहुणा. तिघांना सांगण्यात आले की सव्वा-सव्वा वर्ष प्रत्येकाला मिळेल. ते सव्वा वर्ष कोणाच्याही पंचांगात उगवले नाही.

आता यात कायद्याचा भंग कोठे झाला? कोठेही नाही! आपले अज्ञान आहे ते नेमके येथे. सरपंच तुमच्या मताने होतो. उपसरपंच मात्र निवडून आलेल्या सदस्यांनी सभेत निवडावयाचा असतो. निवडणुकीपूर्वी कोणी कोणाला ते पद देऊ केले तर त्या वचनाची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. आपण बैल विकताना इसार घेतो, तो रोख घेतो व चार माणसांदेखत घेतो. येथे उलट आहे. मत आपले जाते आणि इसार म्हणून हाती येते ते नुसते वाक्य.

बरे, ते पद मिळाले असे समजा. मग हाती काय येते? ग्रामनिधीतून पैसे काढण्यास सही लागते ती सरपंच व ग्रामसेवक यांची. उपसरपंच सभेचे अध्यक्षस्थान घेतो ते सरपंच नसेल तेव्हा. सरपंचाने जे अधिकार सोपवले तेवढे तो वापरतो. सरपंच बरेच दिवस गावाबाहेर असला, काम करण्यास असमर्थ झाला किंवा त्याची जागा रिकामी पडली, तर मात्र सगळा कारभार त्याच्याकडे येतो. म्हणजे ही खुर्ची एरवी रिकाम्या रांजणासारखी, पण वेळ आली तर अख्ख्या गावाचे पाणी तिच्यातच.

यावरून या खुर्चीचे दोन उपयोग होतात, ते नीट ध्यानात घ्या. सरपंचपद खुले असले म्हणजे वजनदार माणूस पहिली खुर्ची स्वतः घेतो आणि दुसरी कारागिरांपुढे आमिष म्हणून टाकतो. उलट सरपंचपद राखीव निघाले, एखादी सुताराची सून किंवा मागासवर्गातली मुलगी त्या जागी बसली, म्हणजे तोच वजनदार माणूस मुकाट्याने दुसरी खुर्ची घेतो. कारण उपसरपंचपदाला आरक्षण नाही. मग बाई सही करते आणि कागद तो ठेवतो. २०११ पासून निम्म्या जागा बायांच्या झाल्या. पण किती गावांत शिक्का बाईच्या पेटीत असतो आणि किती गावांत दुसऱ्याच्या खिशात, हे तुम्हीच मनाशी मोजा. तात्पर्य, तीच खुर्ची, पण गरिबाला दिली तर आमिष आणि बळवंताने घेतली तर लगाम.

आता गावाची वेस ओलांडून मुंबईकडे जाऊ. आपल्या राज्यात उपमुख्यमंत्री हे नाव १९७८ साली प्रथम आले. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील आणि त्यांच्या जोडीला नाशिकराव तिरपुडे. दोन काँग्रेस एकत्र आल्या होत्या, म्हणून दोन माणसे पुढे करावी लागली. ते राज्य काही महिन्यांतच कोसळले. त्यानंतर शरद पवारांच्या जोडीला आपल्या मराठवाड्यातील माजलगावचे सुंदरराव सोळंके आले. १९९५ साली मनोहर जोशींच्या जोडीला परळीचे गोपीनाथ मुंडे, १९९९ साली विलासराव देशमुखांच्या जोडीला छगन भुजबळ. जोडी लावताना पक्ष, प्रदेश व जात या तिन्हींचा हिशेब होतो, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे.

परंतु गंमत ही की राज्यघटनेत उपमुख्यमंत्री हा शब्दच नाही. तेथे मुख्यमंत्री आहेत आणि इतर मंत्री आहेत. १९८९ साली देवीलाल यांनी उपपंतप्रधान म्हणून शपथ घेतली तेव्हा तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने सांगितले की ते एक मंत्रीच, पुढचे नाव केवळ वर्णनाचे. २०२४ च्या फेब्रुवारीत उपमुख्यमंत्र्यांविषयीही त्याच न्यायालयाने तशाच अर्थाचा निर्वाळा दिला. मग या पदाला जोर येतो कोठून? खात्यातून. मुंडे यांच्याकडे गृहखाते होते म्हणून त्यांचा दरारा होता. आर. आर. पाटील २००४ साली उपमुख्यमंत्री झाले. त्यांच्या कारकीर्दीतली २००७ ची तंटामुक्त गाव मोहीम आजही लोक आठवतात, ती उपमुख्यमंत्री या पाटीमुळे नव्हे, तर गृहखाते हाती होते व माणूस खेड्यातला होता म्हणून. २०२४ साली २३ नोव्हेंबरला निकाल लागला आणि ५ डिसेंबरला शपथ झाली. मधले बारा दिवस सारा महाराष्ट्र एकच अंदाज करीत होता: मुख्यमंत्री राहिलेले एकनाथ शिंदे दुसरी खुर्ची घेतील की नाही? त्यांनी ती घेतली. परंतु खरी ओढाताण खात्यांची होती व तिचा निकाल २१ डिसेंबरला लागला. म्हणजे जाणत्यांची झुंज खात्यासाठी आणि आपली चर्चा नावासाठी!

दिल्लीत उपराष्ट्रपतीचे पद मात्र घटनेत लिहिलेले आहे. संसदेचे दोन्ही सभागृहांचे सभासद त्यांना निवडतात. राष्ट्रपतींची निवडणूक वेगळी, तिच्यात आमदारही मत देतात. येथे जोडी नाही. सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे २००२ साली या पदासाठी उभे होते, ते भैरोसिंह शेखावत यांच्याकडून हरले. २०२५ च्या जुलैत जगदीप धनखड यांनी राजीनामा दिला. पुढे कित्येक दिवस कोणत्या प्रांताचा, कोणत्या जातीचा माणूस येईल याच्या पैजा लागल्या. सप्टेंबरात निवडून आले ते आपल्या राज्याचे त्या वेळचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन. हे पद शोभेचे आहे असे म्हणणारांनी १९७७ साल आठवावे. ११ फेब्रुवारीस राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद वारले आणि उपराष्ट्रपती बी. डी. जत्ती यांना त्यांचे काम पाहावे लागले. आणीबाणी उठली, सरकार बदलले, मोरारजी देसाईंना शपथ देण्यात आली, ती जत्तींच्याच हातून.

आता अमेरिका. तेथे अध्यक्ष व उपाध्यक्ष यांची नावे मतपत्रिकेवर जोडीने असतात. आधी तसे नव्हते. दुसऱ्या क्रमांकाची मते ज्याला, तो उपाध्यक्ष होई. त्यामुळे १७९६ साली अध्यक्ष एका पक्षाचा आणि उपाध्यक्ष विरोधी पक्षाचा, अशी विजोड बैलजोडी जुंपली गेली. नांगर सरळ चालेना म्हणून १८०४ साली घटना दुरुस्त केली. तेव्हापासून दोघांसाठी मते निरनिराळी पडतात. पुढे पक्षांनी जोडी लावण्याची रीत पाडली. अध्यक्षपदाचा उमेदवार जोडीदार निवडतो व तो कोण, यावर वर्तमानपत्रे महिनोन्महिने तर्क लढवतात. २०२४ साली डोनाल्ड ट्रम्प यांनी जे. डी. व्हान्स यांना घेतले. कमला हॅरिस कोणाला घेणार यावर पेनसिल्व्हेनियाचे जोश शापिरो, ॲरिझोनाचे मार्क केली अशी नावे चालली होती. त्यांनी घेतले टिम वॉल्झ यांना. हे गृहस्थ पूर्वी शाळामास्तर होते, हे वाचून आमच्या शाळेतील मंडळींना थोडे बरे वाटले, हे कबूल करतो. मात्र ती जोडी हरली.

या देशाकडून शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. आजवर तेथील नऊ उपाध्यक्ष मध्येच अध्यक्ष झाले, आठ वरच्याच्या मृत्यूमुळे व एक वरच्याच्या राजीनाम्यामुळे. १९४४ साली रूझवेल्ट चौथ्यांदा उभे राहिले तेव्हा प्रकृतीने खचले होते. पक्षातील मंडळींनी जुना उपाध्यक्ष बाजूला सारून हॅरी ट्रुमन यांना जोडीला दिले. ट्रुमन यांनी तरुणपणी बरीच वर्षे घरची शेती स्वतः कसली होती. उपाध्यक्षपदावर अवघे ८२ दिवस गेले आणि १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट वारले. जग युद्धात जळत होते. अणुबॉम्बची सविस्तर माहिती ट्रुमन यांना अध्यक्ष झाल्यानंतर मिळाली आणि त्याच वर्षी ६ ऑगस्टला तो हिरोशिमावर पडला. पाहा, ज्या माणसाला घरची मोठी गोष्ट कोणी सांगितली नव्हती, त्याच्याच हाती एका रात्रीत सारा संसार आला! दुसरा निवडताना तो पहिला झाला तर काय, हे विचारले पाहिजे, ते याकरिता.

बंधूंनो, लासूरच्या बाजारात आपण बैल पाहावयास जातो. जोडीचा बैल घेताना त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, आपल्या बैलाशी खांदा जुळतो की नाही ते पाहतो. नुसत्या रंगावर बैल घेणाऱ्याला शहाणे लोक हसतात. पण निवडणुकीत आपण काय करतो? जोडीदार आपल्या जातीचा आहे एवढे कळले की दात न पाहता दावे सोडून घरी आणतो! आपल्या घरातील माणूस वर जावा ही इच्छा वाईट नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना चावडीच्या पायरीवर उभे राहावे लागले, त्यांना आतली खुर्ची हवीशी वाटणारच. आमचे म्हणणे एवढेच की खुर्ची घ्या, पण तिचे पाय मोजून घ्या.

म्हणून दारी येणाऱ्यास चार गोष्टी विचारा. एक, दुसरे पद आमच्या माणसाला देणार म्हणता, तेच आणखी कोणाला देऊ केले आहे काय? हे पारावर सर्वांदेखत सांगा. दोन, पदाबरोबर काम कोणते देणार? पाणीपुरवठा, शाळा, घरकुलांची यादी, यांपैकी काय त्याच्याकडे सोपवणार आणि ते लेखी देणार काय? तीन, सरपंच बाई असेल तर शिक्का व वही कोणाच्या घरी राहणार? चार, उद्या पहिली खुर्ची रिकामी पडली तर हा माणूस गाव चालवील काय? त्याला अंदाजपत्रक वाचता येते काय? न येत असेल तर आम्ही शिकवू. शाळा सुटल्यावर आमचा वर्ग उघडा आहे आणि त्याला फी नाही.

आणि निवडणूक झाल्यावर घरी बसू नका. वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्यात असा कायदा आहे. तेथे प्रत्येक मतदाराची खुर्ची सारखीच, पहिली नाही आणि दुसरीही नाही. तेथे हिशेब मागण्यास कोणाच्या नारळाची गरज लागत नाही.

त्या आजी आम्हांस अधूनमधून आठवतात. त्यांनी विचारलेला प्रश्न हसण्यासारखा नव्हता. आम्ही त्या दिवशी देऊ शकलो नाही ते उत्तर आज तुमच्यापुढे देतो. आजी, उपसरपंचाचे बटण यंत्रावर नाही. ते तुमच्या नातवाने मत मागणाऱ्याच्या तोंडावर विचारलेल्या प्रश्नात आहे. तो प्रश्न आधी विचारा, मग यंत्रापाशी जा.