पालखेड : न झालेल्या लढाईचा विजय

(व्याख्यानाचा संपादित अंश)



सेनानींच्या पराक्रमाच्या कथा आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. त्या ऐकताना अंगावर रोमांच उभे राहतात, ते स्वाभाविकच आहे. परंतु रोमांच म्हणजे युद्धशास्त्राचे अध्ययन नव्हे. या शास्त्रात दोन संज्ञा प्रथम वेगळ्या कराव्या लागतात. शत्रू समोर ठाकल्यावर त्याच्याशी कसे लढावे, हे सांगतात ते डावपेच. लढावे की नाही, लढायचेच तर कोठे, केव्हा आणि कशासाठी, हे ठरवते ती रणनीती. पालखेडची मोहीम हा या दुसऱ्या विद्येचा वस्तुपाठ आहे.

१७२७ साली निजामुल्मुल्काने चौथाई रोखली. छत्रपती शाहू आणि कोल्हापूरचे संभाजीराजे यांपैकी खरा हक्कदार कोण, हे ठरल्यावाचून ती कोणाला द्यावी, असा त्याचा साळसूद प्रश्न होता! निजामाला कमी लेखू नये. औरंगजेबाच्या सैन्यात तो घडला होता, १७२४ मध्ये साखरखेर्डा येथे मुबारिझखानाला त्याने धुळीस मिळवले होते आणि त्याचा तोफखाना दख्खनेत नावाजलेला होता. बाजीराव तेव्हा अवघे २७ वर्षांचे. अशा तोफखान्यासमोर उघड्या मैदानात उभे राहणे म्हणजे शत्रूच्या अटींवर लढणे झाले असते.

बाजीरावांनी तसे केले नाही. त्यांची घोडदळाची फौज जालन्याच्या मुलखात शिरली, बऱ्हाणपूरवर जाणार अशी हूल तिने उठवली आणि खानदेशातून ती थेट गुजरातेत उतरली. निजामाने पाठलाग सोडून पुणे गाठले. पेशव्यांचे घरच धोक्यात आल्यावर ते धावत येतील, हा त्याचा हिशेब. सामान्य सेनापती आलाही असता. बाजीराव मात्र पुण्याकडे फिरले नाहीत. ते औरंगाबादेच्या रोखाने निघाले. आता घर वाचविण्यासाठी धावण्याची पाळी निजामाची होती. त्वरा करण्यासाठी त्याने अवजड तोफा मागे ठेवल्या आणि ज्या बळाचा त्याला भरवसा होता तेच मागे राहिले. फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस वैजापूरजवळच्या पालखेडच्या कोरड्या माळावर मराठ्यांनी त्याला वेढले. धान्य तुटले, पाणी तुटले. मोठी लढाई अशी झालीच नाही. तहाची याचना झाली.

विसाव्या शतकात लिडेल हार्ट या इंग्रज लेखकाने ‘अप्रत्यक्ष मार्गा’ची जी संकल्पना मांडली, तिचे सार हेच आहे : शत्रूच्या बळावर आघात करू नये, त्याचा तोल घालवावा. फील्ड मार्शल मॉन्टगोमेरी यांनी आपल्या युद्धेतिहासात पालखेडची प्रशंसा केली, तेव्हा कोठे आपल्याकडील कित्येकांना या मोहिमेचे महत्त्व पटले. असो. कौटिल्याने उत्साहशक्ती आणि प्रभुशक्ती यांच्याहून मंत्रशक्ती श्रेष्ठ मानली, याचेही येथे स्मरण व्हावे.

आणखी एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. निजाम मुठीत आला असताना बाजीरावांनी त्याची कत्तल केली नाही. मार्च १७२८ मधील मुंगी-शेवगावच्या तहात शाहूंचे स्वामित्व आणि चौथाई-सरदेशमुखीचे हक्क मान्य करवून घेतले, संभाजीराजांचा आश्रय सोडवला. मोहीम ज्या हेतूने काढली होती तो साधला आणि तेथे ती थांबली. पुढे निजाम पुन्हा उलटला, म्हणून कित्येक अभ्यासक या उदारतेला दोष देतात. मला तो दोष मान्य नाही. दिल्लीच्या राजकारणात गुंतायचे असताना दख्खनेत निकराचे वैर पत्करणे परवडणारे नव्हते.

आता ३२ वर्षे पुढे चला. ऑक्टोबर १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी कुंजपुरा घेतला, धान्यही विपुल हाती लागले. डावपेचांच्या दृष्टीने विजय निर्भेळ होता. त्याच महिन्यात अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि भाऊंचा दिल्लीशी असलेला मार्ग तोडला. या वेळी अवजड तोफखाना आपल्याकडे होता, बाजारबुणगे आणि यात्रेकरूंचे लटांबर आपल्याकडे होते, आणि मोकळी दौड अब्दालीकडे. निजाम पालखेडला ज्या जागी उभा होता, त्या जागी आपण पानिपतावर उभे राहिलो. डिसेंबरमध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची उरलीसुरली आशाही संपली. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी छावणीबाहेर पडलेले सैन्य शौर्यात कोठेच उणे नव्हते. ते उपाशी होते.