संगणकाची तबकडी आणि विखुरलेल्या फाइली

श्रोतेहो, घरचा संगणक मंदावला म्हणजे कोणी जाणता शेजारी सांगतो, "फाइलींचे तुकडे झाले असतील, एकदां डीफ्रॅग करून टाका." हा सल्ला कधीं हितकर, कधीं निरुपयोगी, तर कधीं घातकहि ठरतो. तो केव्हां कसा, हें ओळखतां यावें, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

हार्ड डिस्क म्हणजे वेगानें फिरणारी चुंबकीय तबकडी व तिच्यावरून आंतबाहेर सरकणारें वाचनशीर्ष. १९५६ सालीं आय.बी.एम. कंपनीनें अशी पहिली डिस्क बाजारांत आणली. तींत ५० तबकड्या होत्या. पुढें यंत्र लहान झालें, परंतु तत्त्व तेंच राहिलें. तबकडीवरील जागा लहान लहान कप्प्यांत विभागलेली असते. विंडोजमध्यें असा एक कप्पा सामान्यतः ४,०९६ बाइटांचा असतो.

आतां जुन्या दप्तरखान्यांतील फडताळ डोळ्यांपुढें आणा. कांहीं रुमाल काढून टाकले कीं मधले खण रिकामे होतात. पुढें एखादें मोठें प्रकरण येतें, पण तेवढी सलग जागा नसते. मग दप्तरदार त्याचे कागद मिळतील त्या खणांत ठेवतो व त्यांची नोंद यादींत करतो. कागद एकहि हरवत नाहीं. मात्र तें प्रकरण वाचावयाचें तर दहा खणांपाशीं जावें लागतें. तबकडीवर नेमकें हेंच घडतें. तेव्हां विखंडन हा बिघाड नव्हे. मोकळी झालेली जागा पुन्हां वापरण्याचा तो स्वाभाविक परिणाम होय.

या हेलपाट्यांची किंमत किती? मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीची एक फेरी सुमारें ८.३ सहस्रांश सेकंदांत पुरी होते. हवा तो भाग शीर्षाखालीं येण्यास सरासरी अर्धी फेरी जाते, आणि शीर्ष सरकण्यास आणखी आठ-नऊ सहस्रांश. म्हणजे एका उडीस अदमासें १३ सहस्रांश सेकंद. फाइलीचे हजार तुकडे झाले, तर १३ सेकंद केवळ येरझारांत गेले! हे तुकडे उचलून सलग मांडणें, यालाच डीफ्रॅग म्हणतात. विंडोज व्हिस्टापासून तें काम ठरल्या वेळीं आपोआप होतें.

परंतु नव्या संगणकांत बहुधा एसएसडी असते. तींत ना तबकडी, ना सरकणारें शीर्ष. त्यामुळें तुकड्यांचा त्रास जवळजवळ होत नाहीं. उलट तिच्या पेशी ठराविक वेळांच लिहिणें सोसतात, म्हणून उगीच हलवाहलव केल्यास तिचें आयुष्य मात्र खर्च होतें. तिच्यासाठीं विंडोज मुख्यतः निराळेंच काम करतें: कोणती जागा मोकळी झाली, तें डिस्कला कळवितें. यास ट्रिम म्हणतात. तेथें हात न घालणेंच बरें.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तबकडींतून टकटक आवाज येत असेल, अगर फाइली वाचतांना वारंवार चुका होत असतील, तर तो मंदपणा विखंडनाचा नव्हे. डिस्क अखेरच्या घटका मोजीत असण्याचा संभव आहे. अशा वेळीं डीफ्रॅग करणें म्हणजे आजाऱ्याला डोंगर चढावयास लावणें होय. वडिलांचीं छायाचित्रें, जमिनीचे कागद, मुलांचीं प्रमाणपत्रें यांची आधीं दुसरीकडे प्रत करून घ्यावी. वेग पुन्हां मिळवितां येतो. गेलेलें छायाचित्र येत नाहीं.