बर्कलेसाहेब : घाटांतील लोहमार्गाचे कर्ते व बखरकार

खामगांव तालुक्यांतील पिंपळगांव राजा या गांवच्या उत्तरेस नांदुरा आणि पूर्वेस खामगांव. हा सगळा मुलूख काळ्या जमिनीचा व कपाशीचा. आगगाडी येण्यापूर्वीं येथील कापूस बैलगाड्यांतून आणि लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून परमुलखास निघे. वाटेंत धूळ खाई, अवकाळी पावसांत भिजे, आणि सह्याद्रीचा कडा उतरून मुंबईच्या बंदरास लागेपर्यंत त्याचा मूळचा रंगहि ओळखूं येत नसे. तो कडा लोखंडी रुळांना चढूनउतरून देणारे गृहस्थ म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे पहिले मुख्य इंजिनियर जेम्स जॉन बर्कले. आपण केलेलें काम स्वतःच लिहून ठेवण्याची हौस असलेला असा कामकरी पुरुष विरळा.

बर्कलेसाहेबांचा जन्म १८१९ सालचा. विलायतेंतील प्रख्यात इंजिनियर रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखालीं त्यांची उमेदवारी झाली, आणि १८५० च्या फेब्रुवारींत ते मुंबईस उतरले. तेव्हां त्यांचें वय अवघें तीस वर्षांचें होतें. बोरीबंदर ते ठाणें हा एकवीस मैलांचा पहिला मार्ग १६ एप्रिल १८५३ रोजीं सुरू झाला. त्या दिवसाचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. येथें त्याची पुनरुक्ति नको. खरी परीक्षा कल्याणच्या पुढें होती.

सह्याद्रि ओलांडावयाचा कोठें, हाच पहिला प्रश्न. प्रारंभीं कंपनीची दृष्टि माळशेज घाटाकडे होती. बर्कलेसाहेबांनीं डोंगर पायांखालीं घालून अखेर दोन निराळ्या वाटा ठरविल्या : पुण्याकडे भोर घाटानें आणि खानदेश-वऱ्हाडाकडे थळ घाटानें. वऱ्हाडाचें पुढील नशीब या एका निर्णयांत बांधलें गेलें, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.

भोर घाटांत सुमारें पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढावयाचें होतें. चढ कोठें कोठें सदतीस फुटांस एक फूट, म्हणजे इंजिनाचा दम काढणारा. पंचवीस बोगदे खोदावे लागले. कड्यावर पाय ठेवण्यास जागा नसे, तेथें मजुरांना दोरानें खालीं सोडीत; ते अधांतरीं लोंबकळत पहारीनें भोंक पाडून त्यांत सुरुंगाची दारू ठासीत. पावसाळ्यांत काम जवळजवळ बंद पडे. १८६१ सालीं या एका घाटांत सुमारें बेचाळीस हजार माणसें राबत होतीं. पटकीनें त्यांतील कित्येक गेलीं. पहिल्या मक्तेदारानें १८५९ सालीं काम सोडलें. त्याच्या जागीं आलेले सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत मरण पावले. तेव्हां त्यांची विधवा पत्नी ॲलिस हिनें मक्ता न सोडतां जाणत्या इंजिनियरांकरवीं तो तडीस नेला. त्या काळीं एका बाईनें असें धाडस करावें, हें आजहि आश्चर्याचें वाटतें. जमशेटजी दोराबजींसारखे एतद्देशीय मक्तेदारहि याच लोहमार्गावर नांवारूपास आले.

हें सारें चालू असतांनाच बर्कलेसाहेब लेखणी हातीं घेत. उत्तर हिंदुस्थानांत बंडाची धामधूम होती, त्या १८५७ च्या डिसेंबरांत त्यांनीं बाँबे मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनपुढें भोर घाटावर निबंध वाचला. तीन वर्षांनीं, डिसेंबर १८६० मध्यें, टाउन हॉलांत थळ घाटावर व्याख्यान दिलें. त्याच सालीं लंडनच्या सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेपुढें हिंदुस्थानांतील लोहमार्गांवरील त्यांचा विस्तृत निबंध आला. काम अर्धें झालें असतां त्याचा इतिहास सांगावयास बसणें कित्येकांस उतावीळपणाचें वाटेल. परंतु घाट पुरा झाल्यावर कोण कोठें असेल, याचा नेम नव्हता. त्यांच्या बाबतींत तर तो मुळींच नव्हता.

श्रमानें प्रकृति ढासळली म्हणून ते विलायतेस परतले, आणि ऑगस्ट १८६२ मध्यें वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं तेथेंच वारले. भोर घाटांतून गाडी गेली ती १८६३ सालीं; थळ घाट १८६५ च्या आरंभीं खुला झाला. दोहोंपैकीं एकाहि घाटांतून चढती गाडी त्यांनीं पाहिली नाहीं.

त्यांचें सर्वच काम निर्दोष होतें असें नव्हे. भोर घाटांतील एक मोठा दगडी पूल १८६७ सालीं कोसळला. मक्तेदारांच्या बांधकामावर देखरेख ठेवणारी व्यवस्था त्यांच्याच काळांत घातलेली होती, हें विसरतां येत नाहीं. आणि ज्यांनीं सुरुंग भरले त्या हजारोंची संख्या इतिहासांत राहिली, नांवें राहिलीं नाहींत. बर्कलेसाहेबांच्या नांवाचें सुवर्णपदक मात्र मुंबई विद्यापीठांत स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठीं ठेवण्यांत आलें.

त्यांची गाडी पुढें वऱ्हाडांतून धांवत १८६७ सालीं नागपुरास पोहोंचली. १८७० च्या मार्चमध्यें जलंबपासून खामगांवपर्यंतचा आठ मैलांचा फाटा गव्हर्नर-जनरल लॉर्ड मेयो यांनीं खुला केला, आणि पिंपळगांव राजाच्या आसपासच्या शेतकऱ्यास आपला कापूस घराजवळच आगगाडींत चढलेला दिसूं लागला.

भोर घाटांत खंडाळ्याखालीं एक चमत्कारिक स्टेशन होतें. कड्यावर वळण घेण्यास जागा नसल्यामुळें गाडी सरळ जाऊन एका अरुंद पठारावर थांबे. इंजिन सुटून दुसऱ्या टोंकास लागे, आणि मग गाडी उलट दिशेनें उरलेला चढ चढे. १९२९ सालीं नवा मार्ग झाला व तें स्टेशन बंद पडलें. ही युक्ति कां योजावी लागली आणि तेथली जागा कशी होती, हें जाणून घेण्यास आज बर्कलेसाहेबांचाच निबंध उघडावा लागतो.