आधी पोरगं, मग पीडीएफ

आज जरा घरचं बोलतो.

माझं गाव खर्डा, तालुका जामखेड. बीटेकपर्यंत मार्क चांगले पडले, पण पहिल्या इंटरव्ह्यूत स्वतःबद्दल इंग्रजीत सांगा म्हटलं आणि माझी बोबडीच वळली. व्याकरण पाठ होतं, पण बोलायची सवयच नव्हती.

म्हणून मागच्या वर्षी ठरवलं, शनिवार-रविवार गावी गेलो की सातवी-आठवीच्या पोरांना इंग्रजी शिकवायचं. अभ्यासक्रम बनवायला आठवडाभर नुसतं डाउनलोड केलं. फोन भरला. पहिल्या तासाला धडा काढला, विमानतळावरच्या चेक-इनचा. पोरं गप्प. एक मुलगी म्हणाली, "दादा, आपण तर एसटीनं जातो ना?"

बरोबर होतं तिचं. कोड लिहिताना मी आधी विचारतो, काय हवंय? मग लायब्ररी शोधतो. इथं सगळं उलटं केलं होतं.

मग वहीत एकच वाक्य लिहिलं: तीन महिन्यांनी प्रत्येकानं पाहुण्याला पाच मिनिटं इंग्रजीत आपला भुईकोट किल्ला दाखवायचा. १७९५ साली मराठ्यांनी निजामाला हरवलं ती लढाई आपल्या खर्ड्याची, तेव्हा सांगायला पोरांकडे भरपूर होतं.

आता शोधणं सोपं झालं. पातळी ठरवायला सीईएफआर घेतलं. ही युरोपातली ए-१ ते सी-२ अशी सहा पायऱ्यांची मोजपट्टी, २००१ साली प्रसिद्ध झालेली. तिच्यात 'मला अमुक करता येतं' अशी वाक्यं असतात. ए-१ म्हणजे स्वतःची ओळख, साधे प्रश्न, साधी उत्तरं. आमची सुरुवात तिथूनच. शब्द आणि वाक्यं बालभारतीच्या पुस्तकांतून घेतली. पीडीएफ फुकट मिळतात आणि शाळेशी मेळही बसतो. वाचायला प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर. गोष्टी पातळीनुसार लावलेल्या, मराठीतही आणि इंग्रजीतही, आणि मुक्त परवान्यामुळे बिनधास्त छापा, बदला.

शिकवायची पद्धत मात्र एन. एस. प्रभूंची. त्यांनी १९७९ पासून दक्षिण भारतातल्या शाळांत बेंगळुरू प्रकल्प चालवला. मुलांना नकाशे, वेळापत्रकं असली कामं द्यायची. काम सोडवता सोडवता भाषा येते. मी जामखेडच्या गाड्यांचं वेळापत्रक फळ्यावर लिहिलं आणि सगळे प्रश्न इंग्रजीत विचारले. त्या दिवशी पहिल्यांदा वर्गात गलका झाला!

तीन महिन्यांनी पाच मिनिटं कुणालाच जमली नाहीत, हेही खरं सांगतो. पण तीच एसटीवाली मुलगी किल्ल्याच्या दरवाजात उभी राहून दोन मिनिटं बोलली. भूतकाळ दोनदा चुकला. ती थांबली नाही. मी मात्र त्या इंटरव्ह्यूत थांबलो होतो.

तुम्हीही गावात शिकवणार असाल तर एक करा. आपल्या पोरांना इंग्रजीत कुणाशी, काय बोलायचंय, ते एक वाक्य आधी लिहा. डाउनलोड नंतर.

चला, भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!